कॉर्डोबा : एका छताखाली दोन प्रार्थनास्थळे

स्पेनच्या दक्षिणेकडील आंदालुसियात ग्वादलकिविर नदीकाठी वसलेले कॉर्डोबा हे युरोपातील अतिशय उष्ण शहरांपैकी एक. १४ ऑगस्ट २०२१ रोजी कॉर्डोबा प्रांतातील ला रांब्ला येथे तब्बल ४७.६ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. त्यामुळे अरुंद गल्ल्यांचे हे शहर पायी पाहण्यासाठी सप्टेंबरची अखेर आणि ऑक्टोबर हा काळ सोयीचा. उन्हाची धार बोथट झालेली असते आणि मे महिन्यातील प्रसिद्ध अंगण-महोत्सवाची गर्दीही नसते.

रोमन साम्राज्यात हे शहर बेटिका प्रांताची राजधानी होते. तत्त्वज्ञ सेनेका येथलाच. इ. स. ७११ मध्ये मुस्लिम फौजा स्पेनमध्ये उतरल्या. ७५६ मध्ये सीरियातून परागंदा झालेला उमय्यद राजपुत्र पहिला अब्द अल-रहमान याने येथे स्वतंत्र अमिरात स्थापन केली. त्याने ७८५च्या सुमारास आरंभ केलेली मशीद पुढील दोन शतके विस्तारत गेली. ९२९ मध्ये कॉर्डोबा खिलाफतीची राजधानी झाले.

मशिदीत आजही साडेआठशेहून अधिक स्तंभ उभे आहेत. आरंभीचे अनेक स्तंभ जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथिक इमारतींतून आणलेले. ते उंचीला कमी पडत असल्याने कारागिरांनी कमानीवर दुसरी कमान चढवून छत उंच नेले. लाल वीट आणि पांढरा दगड यांच्या आलटून पालटून येणाऱ्या पट्ट्यांची ही दुहेरी कमान शहराची ओळख ठरली.

१२३६ मध्ये तिसऱ्या फर्डिनंडने शहर जिंकले आणि मशिदीचे कॅथेड्रल झाले. मूळ वास्तू मात्र बव्हंशी टिकली. १५२३ मध्ये तिच्या मध्यभागी नवे कॅथेड्रल बांधण्याचा निर्णय झाला, तेव्हा विरोध केला तो येथील ख्रिस्ती नगर परिषदेनेच. सम्राट पाचव्या चार्ल्सने चर्चच्या बाजूने कौल दिला. पुढे काम पाहून त्याला पश्चात्ताप झाला, अशी आख्यायिका सांगितली जाते.

युनेस्कोने १९८४ मध्ये या वास्तूचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. तरी ती कोणाची, हा प्रश्न मिटलेला नाही. २००६ मध्ये स्थानिक धर्मप्रांताने तिची मालमत्ता म्हणून आपल्या नावे नोंदणी केली. चर्चला अशी नोंदणी करू देणारी कायद्यातील तरतूद २०१५ मध्ये रद्द झाली. ही वास्तू सार्वजनिक मालकीची असावी, असा आग्रह धरणारे नागरिक आणि आठ शतकांच्या अखंड उपासनेचा दाखला देणारे चर्च यांच्यातील वाद कायम आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये येथे आग लागली. अग्निशामक दलाने ती लवकर आटोक्यात आणली, तरी एका प्रार्थनाकक्षाचे छत कोसळले आणि या वारशाचे नाजूकपण पुन्हा जाणवले.

जवळच्याच यहुदी वस्तीत १३१५ मध्ये बांधलेले सिनेगॉग आहे. विचारवंत मैमोनिडीस आणि अ‍ॅव्हेरोस यांचा जन्म याच शहरातला. शहरापासून सुमारे ८ किलोमीटरवरील मदिना अझाहारा या राजनगरीचे अवशेष २०१८ मध्ये जागतिक वारसा ठरले. माद्रिदहून द्रुतगती रेल्वेने कॉर्डोबाला पावणेदोन तासांत, तर सेव्हिलहून पाऊण तासात पोहोचता येते. टोमॅटो, पाव, लसूण आणि ऑलिव्ह तेलाचे थंडगार, दाट ‘साल्मोरेखो’ हा येथील खास पदार्थ.

मशिदीच्या प्रांगणात संत्र्याची झाडे आहेत. या ऋतूत त्यांची फळे हिरवीच असतात. संत्र्याला स्पॅनिश भाषेत ‘नारांखा’ म्हणतात. संस्कृतातील ‘नारंग’ हा शब्द फारसी आणि अरबीच्या वाटेने स्पेनपर्यंत पोहोचला. मालकीचा वाद न्यायालयात सुटो वा न सुटो, या अंगणात आलेल्या मराठी माणसाला निदान तो शब्द तरी परका वाटणार नाही.