लाइट लागते, हॉर्न वाजतो. मग मिनी ट्रॅक्टर सेल्फ का घेत नाही?

इंद्रवेल्ली (जि. आदिलाबाद) : मिनी ट्रॅक्टर चालू होईना म्हटलं की पहिला संशय बॅटरीवर जातो. बॅटरी बदलूनही ट्रॅक्टर तसाच राहिला तर सेल्फ काढला जातो. तोही ठीक निघाला की मग वायरिंगकडे बघितलं जातं. हा क्रम उलटा आणि महागाचा आहे. बहुतेक वेळा दोष असतो सैल टर्मिनलमध्ये, गंजलेल्या अर्थिंगमध्ये किंवा क्लचजवळच्या एका छोट्या स्वीचमध्ये. तो शोधायला साधा मल्टिमीटर आणि अर्धा तास पुरतो.

इंद्रवेल्ली, उटनूर असो की किनवट, माहूर, जिवती, आपल्या भागातली काळी जमीन शेतकऱ्याला फार वेळ देत नाही. पावसाने उघडीप दिली की वाफसा येतो. त्या एक-दोन दिवसांत पऱ्हाटी-सोयाबीनची डवरणी झाली तर झाली, पुन्हा सर आली की गेली. अशा दिवशी गुडीहत्नूरमार्गे आदिलाबादहून मेकॅनिक येईपर्यंत थांबणं परवडत नाही. म्हणून नेमकं काय, कोणत्या क्रमाने तपासायचं ते इथे दिलं आहे. महिंद्रा युवराज 215 किंवा स्वराज 717 यांसारख्या 15 एचपीच्या एक सिलिंडर ट्रॅक्टरपासून दोन-तीन सिलिंडरच्या मिनी ट्रॅक्टरपर्यंत, 12 व्होल्टच्या सगळ्या गाड्यांना ही पद्धत लागू पडते. वायरचे रंग आणि फ्यूजची जागा मात्र आपापल्या पुस्तिकेत बघावी.

आधी जीव, मग ट्रॅक्टर

स्क्रू ड्रायव्हरने किंवा पान्याने सेल्फचे दोन नट जोडून ट्रॅक्टर चालू करायची सवय गावोगावी दिसते. खाली उभं राहून असं करताना ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर इंजिन चालू होताच तो पुढे सुटतो, आणि माणूस मागच्या चाकाच्या वाटेवरच उभा असतो. ट्रॅक्टर सावरायला सीटवर कोणी नसतं. असे अपघात जीवघेणे ठरतात. ही युक्ती कुणी कितीही वेळा केली असली तरी करू नका.

तपासणीआधी एवढं करा : ट्रॅक्टर सपाट जागेवर, गिअर न्यूट्रलला, पीटीओ बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड लावलेला. इंजिन बंद करायचा स्टॉप नॉब ओढून ठेवा, म्हणजे सेल्फ फिरला तरी इंजिन पेट घेणार नाही. सेल्फ नेहमी सीटवर बसलेल्या माणसाने मारावा, मीटर दुसऱ्याने धरावा. बॅटरीजवळ विडी-काडी नको, तिच्यातून निघणारा वायू पेट घेतो. बॅटरी सोडवताना आधी निगेटिव्ह वायर काढा, जोडताना निगेटिव्ह शेवटी लावा.

‘लाइट लागते’ हा पुरावा का नाही?

सगळा घोळ इथेच होतो. हेडलाइटचा 55 वॅटचा एक बल्ब साधारण साडेचार-पाच अँपिअर करंट घेतो. सेल्फ मात्र इंजिन फिरवताना शंभर ते दोनशे अँपिअर ओढतो. वायरच्या जोडावर गंज बसून तिथे 0.01 ओहम इतका किरकोळ अडथळा आला असं समजा. पाच अँपिअरला तिथे 0.05 व्होल्ट गळतात, बल्बला फरकही कळत नाही. दीडशे अँपिअरला त्याच जोडावर दीड व्होल्ट गळतात आणि सेल्फ मरगळतो. जोड गरम होतो तोही याच कारणाने.

म्हणून नियम एकच लक्षात ठेवा : व्होल्टेज बघायचं ते सेल्फ मारत असताना. उभ्या ट्रॅक्टरवर घेतलेलं रीडिंग अर्धंच खरं सांगतं.

पहिली पायरी : लाइट लावून सेल्फ मारा

हेडलाइट चालू करा, समोर एकाला उभं न करता बाजूला उभं करा आणि चावी फिरवा. आवाज आणि उजेड, दोन्हींकडे लक्ष द्या.

• उजेड जसाच्या तसा, आवाज काहीच नाही : सेल्फपर्यंत हुकूमच पोहोचत नाही. फ्यूज, चावीचा स्वीच, क्लच किंवा न्यूट्रलचा सेफ्टी स्वीच, सोलेनॉइडची बारीक वायर यांपैकी काहीतरी तुटलं आहे.

• उजेड जसाच्या तसा, पण एकच जोराचा ‘टक्’ : सोलेनॉइड ओढतो, पण आतले संपर्क जळालेत किंवा सेल्फचे कार्बन ब्रश झिजलेत.

• उजेड मंद होतो आणि ‘टकटकटक’ आवाज येतो किंवा इंजिन जड फिरतं : बॅटरी उतरली आहे किंवा जाड वायरचा जोड खराब आहे.

• उजेड एकदम जातो, चावी सोडली की परत येतो : बॅटरीचं टर्मिनल सैल किंवा गंजलेलं.

• सेल्फ घरघर फिरतो, इंजिन फिरत नाही : बेंडिक्स अडकलं किंवा फ्लायव्हीलच्या रिंगचे दात गेले. हा दोष वायरिंगचा नाही.

• इंजिन चांगलं फिरतं, पण पेट घेत नाही : सेल्फ-बॅटरी ठीक आहेत. डिझेल, हवा, फिल्टर किंवा हीटर प्लग बघा.

एक सिलिंडर इंजिन सेल्फवर फिरताना झटके देतच फिरतं. कॉम्प्रेशनला अडखळतं, मग सुटतं. त्याला दोष समजू नका. अडखळून तिथेच थांबत असेल तरच पुढे तपासा.

दुसरी पायरी : बॅटरी

मीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवा. ट्रॅक्टर काही तास बंद असताना बॅटरीच्या खुंट्यांवर रीडिंग घ्या. 12.6 म्हणजे भरलेली, 12.4 म्हणजे पाऊण, 12.2 म्हणजे अर्धी आणि 12.0 म्हणजे जवळपास रिकामी. 12.4 च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, निर्णय मग घ्या.

आता सेल्फ मारताना रीडिंग बघा. भरलेल्या बॅटरीचं व्होल्टेज 9.6 च्या खाली जायला नको. चार्ज करूनही ते आठ-साडेआठवर कोसळत असेल तर बॅटरी संपली, किंवा सेल्फ आतून अडकून जादा करंट ओढतो आहे. दुसऱ्या ट्रॅक्टरची चांगली बॅटरी लावून बघितली की दोहोंतलं कोणतं ते कळतं.

बॅटरीला झाकणं असतील तर हायड्रोमीटर वापरा. भरलेल्या बॅटरीत साधारण 1.240 ते 1.280 दिसतं. सहापैकी एकाच सेलचं रीडिंग बाकीच्यांपेक्षा 0.050 हून जास्त कमी असेल तर तो सेल गेला. पाणी कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. बोअरचं नको, ॲसिडही नको.

थंडीचंही ध्यानात ठेवा. नागोबा जत्रेच्या सुमारास, पौष महिन्यात, आदिलाबाद जिल्ह्यात पहाटे पारा 10 अंशांच्या खाली जातो. तेव्हा बॅटरीची ताकद कमी होते आणि इंजिनचं तेल घट्ट होतं. पावसाळ्यात कशीबशी चालणारी बॅटरी जानेवारीत बसते ती यामुळे.

तिसरी पायरी : जाड वायर आणि अर्थिंग

नवी बॅटरी घ्यायच्या आधी ही पायरी कराच. दोन रीडिंग घ्यायची, दोन्ही सेल्फ मारत असताना.

पॉझिटिव्ह बाजू : मीटरची लाल तार बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर (क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खुंटीवर), काळी तार सोलेनॉइडच्या त्या नटावर जिथून जाड पट्टी किंवा वायर मोटरमध्ये जाते. रीडिंग 0.5 व्होल्टच्या आत हवं. जास्त आलं तर काळी तार सोलेनॉइडच्या बॅटरीकडच्या नटावर ठेवून पुन्हा घ्या. आता रीडिंग कमी झालं तर दोष सोलेनॉइडच्या आत आहे, तेवढंच राहिलं तर वायरमध्ये किंवा टर्मिनलमध्ये.

अर्थिंग बाजू : लाल तार सेल्फच्या उघड्या लोखंडावर, काळी तार बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर. रीडिंग 0.3 च्या आत हवं. जास्त असेल तर चेसिसला लावलेला अर्थिंगचा बोल्ट काढा. त्याखाली रंग, गंज किंवा चिखल सापडेल. काळ्या मातीचा चिखल तिथे साचून ओल धरतो. फवारणीचं औषध आणि खतही तिथेच पडतं.

टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड खायच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुवा. बॅटरीची झाकणं मात्र बंद हवीत, पाणी आत जाऊ देऊ नका. खुंटी आणि क्लॅम्प पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा, घट्ट आवळा आणि मग वरून व्हॅसलिन लावा. आधी ग्रीस आणि मग क्लॅम्प, असं उलटं करू नका.

चौथी पायरी : ‘काहीच आवाज नाही’ असेल तर

सोलेनॉइडला एक बारीक वायर येते. चावीचा हुकूम तिच्यातूनच जातो. मीटरची काळी तार इंजिनच्या लोखंडाला, लाल तार त्या वायरच्या टोकाला लावा आणि चावी फिरवायला सांगा.

तिथे 10 व्होल्टच्या वर येत असूनही सोलेनॉइड गप्प असेल तर आधी अर्थिंग, मग सोलेनॉइड. काहीच येत नसेल तर मागे मागे जा : सेफ्टी स्वीच, चावीचा स्वीच, फ्यूज. फ्यूज नुसता डोळ्यांनी बघू नका, मीटरने तपासा.

बऱ्याच मिनी ट्रॅक्टरमध्ये क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही. त्याचा स्वीच पायाजवळ असतो आणि चिखलाने अडकतो. काही गाड्यांना गिअर किंवा पीटीओच्या दांड्यालाही असा स्वीच असतो. कनेक्टर सोडवून मीटरच्या बीपवर ठेवा, पेडल दाबून-सोडून बघा. बीप बदलत नसेल तर स्वीच गेला. पेडल झिजून स्वीचपर्यंत पोहोचत नसेल तर नुसती ॲडजस्टमेंट पुरते. स्वीच कायमचा जोडून टाकू नका. ट्रॅक्टर गिअरमध्ये चालू होऊ नये म्हणूनच तो दिलेला असतो.

शेडमध्ये उंदीर असतील तर वायरिंगवर हात फिरवून बघा. बोनेटखाली ज्वारीची कणसं, कापूस, चिंध्या सापडल्या तर कुरतडलेली वायर जवळपासच असते.

पाचवी पायरी : रोज सकाळी बॅटरी उतरते?

ट्रॅक्टर चालू करून इंजिन थोडं रेझ करा आणि बॅटरीवर व्होल्टेज बघा. 13.8 ते 14.5 च्या दरम्यान हवं. 13 च्या खाली म्हणजे चार्जिंग होत नाही. आधी बेल्ट, मग अल्टरनेटरचं कनेक्शन, शेवटी अल्टरनेटर. 15 च्या वर गेलं तर रेग्युलेटर गेला, बॅटरीचं पाणी उडेल.

चार्जिंग ठीक असूनही बॅटरी उतरत असेल तर कुठेतरी करंट चोरीला जातो आहे. चावी बंद ठेवून निगेटिव्ह वायर काढा आणि मीटर 10 अँपिअरवर ठेवून वायर व खुंटीच्या मध्ये जोडा. साध्या पंपाच्या ट्रॅक्टरमध्ये रीडिंग जवळजवळ शून्य हवं. एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडतो तिथे चोर आहे. बाहेरून थेट बॅटरीला जोडलेला म्युझिक डेक किंवा जादा फोकस आधी सोडवून बघा. मीटर असा जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटर जळेल.

हीटर प्लग आणि जंपर

काही मिनी ट्रॅक्टरना थंडीसाठी हीटर प्लग असतात. प्लगची वायर काढून टोक ते इंजिनचं लोखंड असा ओहम मोजला तर साधारण एक-दोन ओहम किंवा त्याहून कमी यायला हवा. मीटर काहीच दाखवत नसेल तर प्लग जळाला. अशा इंजिनात स्टार्टिंग स्प्रे मारू नये, गरम प्लगवर भडका उडतो.

दुसऱ्या बॅटरीवरून चालू करायचं तर ती 12 व्होल्टचीच हवी; ट्रकची 24 व्होल्टची जोडणी चालणार नाही. आधी पॉझिटिव्ह ते पॉझिटिव्ह. मग चांगल्या बॅटरीचं निगेटिव्ह बंद ट्रॅक्टरच्या इंजिनच्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब.

मेकॅनिकला फोन करताना

चार आकडे कागदावर लिहून ठेवा : उभ्या ट्रॅक्टरवर बॅटरीचं व्होल्टेज, सेल्फ मारताना बॅटरीचं व्होल्टेज, पॉझिटिव्ह बाजूची गळती, अर्थिंगची गळती. इंद्रवेल्लीच्या बाजारात मराठी, गोंडी, तेलुगू, बंजारा सगळंच ऐकू येतं आणि मेकॅनिक कोणत्या भाषेचा भेटेल सांगता येत नाही. पण ‘सेल्फ’ आणि ‘9.6’ आदिलाबादलाही कळतं, नांदेडलाही. नुसतं ‘चालू होत नाही’ सांगितलं तर तो अंदाजाने सामान घेऊन येतो. आकडे सांगितले तर बरोबर तोच भाग आणतो, आणि दुसऱ्या फेरीचे पैसे वाचतात.

ट्रॅक्टर वॉरंटीत असेल तर वायर कापू नका, सेल्फ उघडू नका. फक्त मोजा आणि कळवा. पेरणीच्या आधी, मे महिन्यातच, टर्मिनल आणि अर्थिंगचा बोल्ट एकदा साफ करून घ्या. वर्षभरातलं हे सगळ्यात स्वस्त काम आहे.