आग्र्याचा किल्ला व शिवछत्रपति : स्थळाचा विचार

महाराष्ट्रांतून आग्र्यास जाणारा प्रवासी किल्ल्यांत शिरला म्हणजे त्याचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : शिवाजीमहाराजांस येथें कोठें कोंडलें होतें? उत्तर देणारे मिळतात. कोणी तळघराकडे बोट दाखवितो, कोणी तटांतील एखादी अंधारी खोली सांगतो, आणि प्रवासी तेथें हात जोडून परत फिरतो. प्रश्न भक्तीचा आहे, त्यास कोणीं हंसूं नये; परंतु उत्तर निराधार आहे. महाराज या किल्ल्यांत कैदेंत नव्हते. उपलब्ध कागद पाहतां त्यांचा या किल्ल्याशीं निश्चित संबंध येतो तो एका दिवसाचा, आणि त्या दिवशींची जागा आजही उभी आहे. अंधारी खोली शोधणारा प्रवासी नेमकी तीच घाईनें ओलांडून जातो. कागदांतील हकीकत त्या जागेवर नेऊन ताडून पाहावी, या हेतूनें आम्हीं हा किल्ला पाहिला.

प्रथम किल्ल्याविषयीं थोडेंसें. सध्यांचा तट अकबरानें इ. स. १५६५ पासून बांधविला. काम कासीमखानाच्या देखरेखीखालीं झालें. घेर सुमारें दीड मैल, उंची सुमारें ७० फूट, दगड तांबडा. आकार धनुष्यासारखा असून धनुष्याची दोरी यमुनेच्या बाजूस आहे. आंतील अकबरी इमारतींपैकीं बऱ्याच पाडून शहाजहानानें त्यांच्या जागीं संगमरवरी महाल उठविले. आज किल्ल्याचा मोठा भाग लष्कराकडे असल्यामुळें दिल्ली दरवाजा प्रवाशांस बंद आहे. प्रवेश दक्षिणेकडील अमरसिंह दरवाज्यानें होतो. दरवाजे एकामागून एक असून वाट मध्येंच काटकोनांत वळते. ही वळणें लक्षांत ठेवावीं, पुढें त्यांचें काम पडेल.

आतां साधनें. सभासद बखरीनें हा सगळा प्रसंग दिल्लीस घातला आहे, व पुढील कित्येक बखरकारांनीं तोच पाठ गिरविला. जेधे शकावली मात्र आग्र्याचें नांव देते आणि सुटकेची मिति श्रावण वद्य १२, शके १५८८ अशी नोंदविते. लांबलचक बखरीपेक्षां शकावलीची एक ओळ अधिक भरंवशाची ठरते, याचें हें चांगलें उदाहरण आहे. फारसींत ‘आलमगीरनामा’ आहे, पण तो दरबारच्या आज्ञेनें लिहिलेला. सर्वांत मोलाचीं तीं जयपूर दप्तरांतील राजस्थानी पत्रें. मिर्झाराजे जयसिंह यांच्या पदरचा परकालदास हा त्या वेळीं आग्र्यांत होता. तो पाहिलेलें व ऐकलेलें ताबडतोब आपल्या देशीं लिहून पाठवी. महाराज दिसण्यांत लहानखुरे व सडपातळ, वर्णानें विलक्षण गोरे, हेंही त्यानेंच नोंदविलें आहे. हीं पत्रें जदुनाथ सरकार व रघुवीर सिंह यांनीं १९६३ सालीं एकत्र प्रसिद्ध केलीं. तेव्हांपासून आग्राभेटीचा विचार त्यांना वगळून करणें शक्य राहिलेलें नाहीं.

महाराज ११ मे १६६६ रोजीं आग्र्याजवळ पोंचले. (इंग्रजी तारखा येथें जुन्या पद्धतीच्या दिल्या आहेत.) दुसऱ्या दिवशीं बादशहाच्या चांद्रमासी वाढदिवसाचा दरबार होता. सामोरें जाण्याचें काम जयसिंहाचा पुत्र रामसिंह याचें; पण त्या दिवशीं वाड्यावरील चौकीची पाळी त्याची होती. मोगली शिरस्त्याप्रमाणें मनसबदारास पाळी टाळतां येत नसे. म्हणून त्यानें मुनशी गिरधरलाल यास पुढें धाडलें, आणि पाळी संपल्यावर तो व मुखलिसखान निघाले. हे एका वाटेनें गेले, गिरधरलाल महाराजांस घेऊन दुसऱ्या वाटेनें आला. शोधाशोध होऊन अखेर शहरांतच गांठ पडली. या घोटाळ्यांत वेळ गेला. मंडळी किल्ल्यांत पोंचली तेव्हां बादशहा दिवाण-इ-आममधून उठून दिवाण-इ-खासमध्यें बसला होता.

या एका गोष्टीचें महत्त्व जागा पाहिल्याशिवाय नीट कळत नाहीं. दिवाण-इ-आम २०१ फूट लांब व ६७ फूट रुंद, तिन्ही बाजूंनीं मोकळा, आणि पुढें भलें मोठें आंगण. बादशहाची बैठक उंच झरोक्यांत. तेथें हजारोंच्या गर्दींत एक मनुष्य मागें सरला तर तें बादशहाच्या लक्षांत यावेंच असें नाहीं. तेथून जिना चढून मच्छी भवनाच्या वरच्या मजल्यानें नदीकडील गच्चीवर जावें, म्हणजे दिवाण-इ-खास लागतो. शहाजहानानें तो १६३५ सालीं बांधला. त्याची पुढची पडवी सुमारें ६५ फूट लांब व ३४ फूट रुंद आहे. तिच्यामागें बंदिस्त दालन. आम्हीं पडवीच्या एका टोकास उभे राहून पाहिलें : दुसऱ्या टोकाच्या माणसाची मुद्रा स्पष्ट दिसते, आणि साधारण मोठ्यानें बोललेलें ऐकूं येतें.

परकालदासाची हकीकत आतां या चौकटींत ठेवावी. बक्षी असदखान यानें महाराजांस पुढें नेलें. नजर व निसार झाला. बादशहा कांहीं बोलला नाहीं. महाराजांस मनसबदारांच्या ओळींत नेऊन उभें केलें. विडे वाटले गेले. मग खिलती शहाजाद्यांस, जाफरखान वजिरास व जसवंतसिंहास मिळाल्या, यांस नाहीं. महाराजांचा संताप चढला, डोळे भरून आले. बादशहानें तें पाहिलें व रामसिंहास कारण विचारावयास सांगितलें. त्यावर महाराज जें बोलले, पाठ फिरवून निघाले व एका बाजूस जाऊन बसले, तें या पडवींत झांकून ठेवणें कोणालाच शक्य नव्हतें. खिलत घेऊन समजूत घालण्यास आलेल्या सरदारांसही त्यांनीं परत लाविलें. मागाहून कोणी तरी बादशहाच्या कानावर घातलेली ही गोष्ट नव्हे. ती त्याच्या डोळ्यांदेखत झाली. बखरकारांनीं अफाट दरबाराचें चित्र काढून प्रसंग वाढविला असें त्यांस वाटलें असेल. आमच्या मतें दरबार लहान होता म्हणूनच अपमान दोहों बाजूंस अधिक झोंबला. प्रवाशानें थांबावें तें येथें.

त्या संध्याकाळीं रामसिंहानें महाराजांस आपल्या डेऱ्यांकडे परत नेलें. तो तळ शहराबाहेर होता व महाराजांचे तंबू त्यास लागूनच होते. हल्लींचे कांहीं संशोधक ती जागा कोठी मीना बझारच्या आसपास धरितात. तो तर्क आहे. त्यास ताम्रपटाची किंमत देऊं नये.

कैदेची कथा किल्ल्यास कां चिकटली, याचा एक धागा पत्रांतच सांपडतो. बादशहाचा पहिला हुकूम महाराजांस रादअंदाजखानाच्या घरीं नेऊन ठेवावें असा होता, आणि हा रादअंदाजखान आग्र्याचा किल्लेदार होता. हुकूम अमलांत येता तर प्रवाशाची अंधारी खोली खरी ठरती, आणि महाराष्ट्राचा पुढील इतिहास काय झाला असता तें सांगवत नाहीं. रामसिंहानें मीरबक्षी महंमद अमीनखान याच्याकडे जाऊन निक्षून सांगितलें कीं, हे आमच्या वचनावर आले आहेत, बादशहांनीं आधीं मला मारावें. तेव्हां त्याच्याकडून जामीनपत्र लिहून घेण्यांत आलें. महाराजांनींही महादेवाची पूजा करून त्याला वचन दिलें. पुढें फौलादखान कोतवालाचा पहारा बसला, तोफा आल्या, वेढा आवळत गेला; पण तो तंबूंभोवतीं होता, तटाच्या आंत नव्हे. महाराजांनीं आपल्या बहुतेक माणसांस दक्षिणेकडे वाटेस लाविलें आणि १७ ऑगस्ट रोजीं नऊ वर्षांच्या संभाजीराजांसह ते स्वतः निसटले, तें या तळावरून. वर सांगितलेलीं दरवाज्याचीं वळणें आठवावीं. प्रत्येक वळणावर झडती, वर किल्लेदाराची नजर : तेथून पेटारे रोज बाहेर जाते हें संभवत नाहीं.

या किल्ल्यानें खरोखर ज्यास कोंडून ठेविलें तो बादशहाचाच बाप. जून १६५८ मध्यें औरंगजेबानें नदीकडील पाणी तोडून किल्ला घेतला, आणि शहाजहान जानेवारी १६६६ मध्यें मेला तो येथेंच, मुसम्मन बुरुजांत. हा बुरूज दिवाण-इ-खासाला लागूनच आहे. महाराज पडवींत उभे होते तेव्हां त्या घटनेस पुरते चार महिनेही झालेले नव्हते.

मराठ्यांचा दुसरा संबंध मात्र एका दिवसाचा नाहीं, आणि त्याविषयीं प्रवासी कधींच विचारीत नाहीं. मार्च १७८५ मध्यें किल्ला महादजी शिंद्यांच्या हातीं आला आणि ऑक्टोबर १८०३ मध्यें लेकनें तो घेईपर्यंत, साडेअठरा वर्षें, शिंद्यांकडे राहिला. लालसोटच्या लढाईनंतर १७८७ सालीं उत्तरेंत शिंद्यांचा पाय निसटला. इस्माईल बेगानें आग्र्यास वेढा घातला, तेव्हां लखबादादा लाड यानें हा किल्ला महिनोन्‌महिने लढविला. १८ जून १७८८ रोजीं राणेखान व दि बॉयन यांनीं इस्माईल बेगाचा आग्र्याजवळ मोड केला आणि वेढा सुटला. आग्रा पडतें तर महादजींस उत्तरेंत पुनः उभें राहणें किती कठीण गेलें असतें, तें नकाशा पाहणारास सांगावयास नको. शेवटच्या काळांत शिंद्यांच्या चाकरींतील हेसिंग हा डच अंमलदार येथें होता. तो जुलै १८०३ मध्यें वारला. त्याची तांबड्या दगडाची, ताजमहालाच्या घाटाची कबर आग्र्याच्या रोमन कॅथॉलिक दफनभूमींत आहे. लखबादादाच्या नांवाचा एक दगडही आमच्या पाहण्यांत आला नाहीं.

किल्ल्याबाहेर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, आणि १९ फेब्रुवारी २०२३ रोजीं दिवाण-इ-आमसमोर शिवजयंतीही साजरी झाली. हें योग्यच झालें. परंतु १७८५ ते १८०३ या काळांतील या किल्ल्याचे किल्लेदार, शिबंदी, दारूगोळा व धान्यसांठा यांचे उल्लेख हिंदुस्थानांतील मराठी पत्रांतून वेंचून एकत्र लावण्याचें काम करण्याजोगें आहे. ज्यांच्या संग्रहीं शिंद्यांच्या कारभाऱ्यांचे अगर वकिलांचे कागद असतील, त्यांनीं ‘आगरें’ व ‘अकबराबाद’ हीं दोन्ही नांवें डोळ्यांपुढें ठेवून रुमाल सोडावे. एकच पत्रलेखक एकाच पत्रांत दोन्ही वापरतो.