धर्मग्रामाच्या शाळेतील व्हायोलिन आणि घुमट

गोव्यातील धर्मग्रामांच्या जुन्या शाळांविषयी लिहिताना आम्हांस अभिमान आणि खंत यांची फारकत करता येत नाही. या शाळांत प्रश्नोत्तरीबरोबरच स्वरलिपी, गायन आणि व्हायोलिन शिकवीत. शिकविणाऱ्यास गावात 'मेस्त' म्हणत. साध्या घरातील मुलेही लॅटिन स्तोत्रे स्वरलिपीवरून गाऊ लागली. परक्या संस्कृतीचे संगीत शाळेच्या वर्गातून इतके खोल रुजल्याचे उदाहरण भारतात विरळाच.

परंतु त्या वर्गाचे दार एकाच बाजूने उघडे होते. मुलाची आई लग्नघरी जी ओवी गाई, तिच्यावर १७३६ साली इन्क्विझिशनच्या आज्ञापत्राने बंदी आली. तरीही ओवी लोपली नाही. पुढे एकोणिसाव्या शतकात मांडो बहरला, तेव्हा व्हायोलिनच्या शेजारी घुमट वाजत होतेच. शाळेने जे दूर ठेवले, ते दिवाणखान्यात एकत्र आले!

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) याच परंपरेतले. त्यांचे वडील चर्चमध्ये गायनवृंदाचे प्रमुख होते. १९५८ साली मुंबईत त्यांनी 'इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा' उभा करून रागसंगीताला पाश्चात्त्य वाद्यमेळाची जोड दिली.

द्वितीय व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ च्या उपासनाविषयक संविधानाचे ११९ वे कलम सांगते, की मिशन प्रदेशांतील लोकांचे पारंपरिक संगीत उपासनेत आणि शाळांतही जोपासण्यासाठी मिशनऱ्यांना तयार करावे. आपण हे कलम बहुधा वेदीपुरतेच वाचतो. प्रश्नोत्तरीच्या वर्गात येणारे मूल घरून कोणते गाणे घेऊन आले आहे, हे आम्हीही आजवर क्वचितच विचारले.