भुणभुण मारायला गेले आणि आवाज सापडला

आजचा भाग गिटारचा आहे. वाजवता येत नसेल तरी थांबा, कारण गोष्ट खरं तर एका भुणभुणीची आहे.

झालं असं, की माझ्या गिटारचा ब्रिजकडचा पिकअप मेला. मल्टिमीटर लावला तर आकडा येईचना, म्हणजे आत कुठेतरी केसाएवढी बारीक वायर तुटलेली. नवा घ्यायचा ठरला आणि मी कुठलाही इंजिनिअर करेल तेच केलं. स्पेक शीट उघडल्या, रेझिस्टन्सचा मोठ्यात मोठा आकडा शोधला आणि साडेसोळा किलोओहमचा हंबकर मागवला. मोठा आकडा म्हणजे जास्त दम, नाही का? निम्म्या घरभाड्याएवढे पैसे गेले. बसवला, वाजवला, आणि गिटार घोंगडीखालून बोलायला लागली.

पुन्हा पैसे घालवण्याआधी म्हटलं, ही वस्तू मुळात आली कुठून ते तरी बघू.

पिकअप म्हणजे काय, तर चुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या वायरचे हजारो वेढे. वर स्टीलची स्ट्रिंग थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज तयार होते. ती अँपला गेली की आवाज. अडचण अशी, की हेच वेढे अँटेनाचंही काम करतात. भिंतीतली वायरिंग, ट्रान्सफॉर्मर, जुनी ट्यूबलाइट, सगळ्यांची घूंऽऽ ते पकडतात. आपल्याकडे ती 50 हर्ट्झची, अमेरिकेत 60. इंग्रजीत या घूंऽऽला ‘हम’ म्हणतात, आणि तिला उलटं ढकलून लावतो तो ‘हंबकर’. (आमच्या आईला या नावावरून हंबरणारी गाय आठवते. संबंध नाही.)

1950 च्या दशकात मिशिगनमधल्या कॅलमझू गावी, गिब्सन कंपनीत सेथ लव्हर नावाचे गृहस्थ काम करत होते. रेडिओ आणि अँप्लिफायरमधला माणूस. अँप्लिफायरमधली भुणभुण मारण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. तीच युक्ती पिकअपला का लावू नये, असं त्यांच्या मनात आलं.

युक्ती फार सुंदर आहे, जरा थांबून बघा. एकाऐवजी दोन कॉइल शेजारी ठेवायच्या. एकीखाली चुंबकाचा उत्तर ध्रुव, दुसरीखाली दक्षिण. आणि दोघींची जोडणी एकमेकींच्या उलट. बाहेरची भुणभुण दोन्ही कॉइलमध्ये सारखीच शिरते, पण जोडणी उलटी असल्यामुळे एक अधिक, एक उणे, हिशेब शून्य. स्ट्रिंगचा सिग्नल मात्र ध्रुवांमुळे दुसऱ्या कॉइलमध्ये आधीच उलटा आलेला असतो. उलट्याचं उलट म्हणजे सुलट, त्यामुळे तो वजा न होता बेरजेत येतो.

22 जून 1955 ला लव्हर यांनी पेटंटसाठी अर्ज केला. ते मिळालं 28 जुलै 1959 ला. याच काळात ग्रेच कंपनीसाठी रे बट्स यांनीही स्वतंत्रपणे हीच गोष्ट बनवली होती, आणि त्यांना पेटंट लव्हर यांच्या महिनाभर आधी मिळालं. डोकी वेगळी, भुणभुण एकच.

1957 पासून गिब्सनच्या गिटारवर हे हंबकर दिसू लागले. अर्ज अजून पडून होता, म्हणून पिकअपच्या पाठीवर छोटं स्टिकर लावलं जाई: ‘पेटंट अप्लाइड फॉर’. आज गिटारवाले ज्याला हात जोडतात तो ‘पीएएफ’ म्हणजे हे स्टिकर! पुढे नंबरवालं स्टिकर आलं, तर त्यावरचा नंबर या पिकअपचा नव्हताच. तो लेस पॉल यांच्या गिटारच्या ब्रिजच्या पेटंटचा होता. चूक की नक्कल करणाऱ्यांना चकवा, यावर अजून भांडणं चालतात.

आता माझ्या साडेसोळाशी याचा संबंध. दोन कॉइल स्ट्रिंगला दोन वेगळ्या जागी ऐकतात, त्यामुळे काही वरचे सूर आपोआप गळतात आणि आवाज जाड, गोल होतो. म्हणजे आपण ज्याला ‘वॉर्म टोन’ म्हणतो तो भुणभुण मारताना झालेला साइड इफेक्ट आहे. त्यात सुरुवातीच्या काळात वेढे काटेकोर मोजले जात नसत. साधारण पाच हजार वेढे प्रत्येक कॉइलवर, पण एक थोडी जास्त भरलेली, दुसरी कमी. चुंबकही हाताला लागेल त्या ग्रेडचा अल्निको. म्हणून जुने पीएएफ मोजले तर कुणी साडेसात किलोओहम, कुणी नऊ. क्वालिटी कंट्रोलच्या भाषेत हा बग, गिटारवाल्यांच्या भाषेत फीचर.

त्या काळी त्याचं कुणाला कौतुक नव्हतं. ज्या सनबर्स्ट लेस पॉल गिटारमध्ये हे पिकअप होते ती खपेना, म्हणून 1960 नंतर गिब्सनने ती बंदच केली. मग 1966 मध्ये एरिक क्लॅप्टनने जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्ससोबत तसलीच जुनी लेस पॉल मार्शल अँपला लावून मोठ्या आवाजात रेकॉर्ड केली. सगळ्यांना तो आवाज हवा झाला, आणि 1968 मध्ये कंपनीला लेस पॉल परत आणावी लागली.

पण जुने पिकअप किती पुरणार? बदली पिकअपचा धंदा इथून सुरू झाला, आणि दोन दिशांना गेला. न्यूयॉर्कच्या लॅरी डिमार्झिओंनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ‘सुपर डिस्टॉर्शन’ काढला. सिरॅमिक चुंबक, जास्त वेढे. अँपला जोरात ढकलायचं, बस्स. सीमोर डंकन आला रिपेअरिंगमधून. त्याने जेफ बेकसाठी एका टेलिकास्टरमध्ये जुन्या गिब्सनचे हंबकर पुन्हा वेढे घालून बसवले. ती गिटार 1975 च्या ‘ब्लो बाय ब्लो’ अल्बमवर ऐकू येते. 1976 मध्ये त्याने कंपनी काढली, आणि 1990 च्या दशकात चक्क म्हाताऱ्या सेथ लव्हर यांनाच सोबत घेऊन जुन्या पद्धतीचा पिकअप बनवला.

हे वाचताना माझी चूक कळली. रेझिस्टन्स म्हणजे दम नव्हे. वायर बारीक घेतली की आकडा नुसत्या बारीकपणानेही वाढतो. आणि वेढे वाढले की इंडक्टन्स वाढतो, वरचे सूर कापले जातात. चमकदार गिटारला ते बरं पडतं. माझी गिटार मुळातच जाड आवाजाची, तिला मी वरून गोधडी घातली.

मग उलटा गेलो. अल्निको 5, आठ किलोओहमच्या आसपास, पण मेणात बुडवलेला. जुने पीएएफ मेणाशिवायचे असत. आतली वायर सैल हलते आणि गेन वाढवला की माइकसारखी किंचाळते. माझ्या दहा बाय दहाच्या खोलीत अँप गिटारपासून हातभर, तिथे ते परवडणारं नाही. पोलचं अंतरही ब्रिजवर मोजून घेतलं, साधारण 50 मिलिमीटरचा हवा की 53 चा. पहिल्यांदा हेही बघितलं नव्हतं. टोनचे पॉट 500 किलोओहमचेच ठेवले, 250 लावले असते तर होती तेवढी चमकही गेली असती.

आता ऐकवतो. आधी साडेसोळा, मग आठ. रिफ तोच, अँपचे नॉब जिथल्या तिथे. खालच्या काकूंकडून नऊ वाजेपर्यंतची परवानगी काढलीये, आणि आत्ता पावणेनऊ झालेत.