फेस आणि सीमा

१७६७ साली लीड्सच्या बिअर-भट्टीत, आंबणाऱ्या पिंपावर पाणी धरून प्रीस्टलीने वायू त्यात उतरवला. सोडावॉटर हे असे बिअरचेच अपत्य. कॉडच्या १८७२ च्या बाटलीत वायूचा दाबच गोटीला रबरी कड्याशी घट्ट धरतो. बिअरच्या बंद पिंपातही फेस राखतो तो दाबच.

शिंदीच्या उघड्या मडक्याला हे साधले नाही. तिचाही फेस आंबण्यातलाच, पण वायू निसटतो, रस लवकर आंबट होतो; ती झाडाजवळच प्यावी. (आम्ही तिचे गोडवे गात नाही.) १९४९ च्या दारूबंदी कायद्याने मुंबई राज्यात, म्हणजे दुधनीतही, ती गुन्हा ठरली. शेजारचे गुलबर्गा तेव्हा हैदराबाद राज्यात. हा कायदा तिथे लागू नव्हता. पेय दूर नेता येत नसल्याने पिणाऱ्यालाच सीमा ओलांडणे भाग पडले असणार, असा आमचा तर्क आहे.