बेसमेंटचे दार आणि ओंटारियोचा कायदा

मिसिसागात नव्याने घर शोधताना फोनवर नाव सांगितले आणि "जागा कालच गेली" असे उत्तर आले, हा अनुभव तुम्हांला किंवा तुमच्या ओळखीत कुणाला तरी आलाच असेल. तीच जाहिरात पुढच्या आठवड्यातही दिसते. शंका येते, पण ती सिद्ध कशी करणार, म्हणून आपण गप्प बसतो. असा नकार बेकायदा ठरवायला या प्रांताला जवळजवळ तीस वर्षे लागली, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते.

सुरुवात झाली ती पाट्यांपासून. अमुक वंशाच्या किंवा धर्माच्या लोकांना मज्जाव अशा पाट्या आणि जाहिराती लावायला ओंटारियोने १९४४ साली बंदी केली. पाटी गेली, पण खरेदीखतातली अट राहिली. टोरांटोजवळ ईस्ट यॉर्कमध्ये कामगारांच्या शिक्षणसंस्थेने एक भूखंड घेतला, तर त्याच्या कागदपत्रांत तो ज्यूंना किंवा 'आक्षेपार्ह राष्ट्रीयत्वाच्या' माणसांना विकू नये असे कलम होते. संस्थेचे ड्रमंड रेन न्यायालयात गेले आणि १९४५ मध्ये न्यायमूर्ती मॅकाय यांनी ते कलम सार्वजनिक हिताविरुद्ध म्हणून रद्द केले. पुढे ह्युरॉन सरोवराकाठच्या बीच ओ' पाइन्स वसाहतीतली अशीच अट कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. तिथेही ती टिकली नाही. पण निकाल दिला गेला तो अटीचे शब्द संदिग्ध आहेत अशा तांत्रिक कारणांवर. भेदभाव चूक आहे, असे न्यायालयाने म्हटलेच नाही.

हे सगळे झाले घर विकत घेणाऱ्यांबद्दल. भाडेकरूला अजून कोणी वाली नव्हता. १९५४ च्या कायद्याने हॉटेले, उपाहारगृहे सर्वांना खुली केली, पण भाड्याची घरे त्यात नव्हती. १९६२ साली ओंटारियोची मानवाधिकार संहिता आली तेव्हा संरक्षण मिळाले ते सहापेक्षा जास्त बिऱ्हाडे असलेल्या इमारतींपुरते. ही मर्यादा हळूहळू खाली आली आणि दशक संपण्याआधी कायद्यात 'कोणतेही स्वयंपूर्ण घर' असे शब्द आले.

याच 'स्वयंपूर्ण' शब्दावर पुढचा खटला अडला. टोरांटोतल्या एका घरमालकाने आपल्या राहत्या घराचा वरचा भाग भाड्याने द्यायचा ठरवला आणि एका कृष्णवर्णीय माणसाला नकार दिला. मानवाधिकार आयोगाने चौकशी सुरू केली, तर मालक न्यायालयात गेला. 'बेल विरुद्ध ओंटारियो मानवाधिकार आयोग' या खटल्यात १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ही जागा स्वयंपूर्ण नाही, म्हणून कायदा इथे लागूच होत नाही. भाडेकरूला का नाकारले, या प्रश्नापर्यंत प्रकरण पोचलेच नाही. दुसऱ्याच वर्षी विधिमंडळाने तो शब्द काढून टाकला.

आपल्या मिसिसागाच्या दृष्टीने हा बदल मोठा होता. १९६७ मध्ये गुणांवर आधारित स्थलांतर पद्धत आली, १९७४ मध्ये मिसिसागा शहर झाले. राहत्या घराच्या तळघरात भाडेकरू ठेवून कर्जाचा हप्ता फेडायचा, हे इथल्या कितीतरी घरांचे गणित आहे. ती जागा कायद्याबाहेर राहिली असती तर नव्याने येणाऱ्यांना संरक्षण असून नसल्यासारखे झाले असते.

आजच्या संहितेत सूट आहे, पण छोटी. मालक किंवा त्याचे कुटुंब भाडेकरूबरोबर स्वयंपाकघर किंवा न्हाणीघर वापरत असेल तरच ती लागू होते. बेसमेंटला स्वतःची चूल आणि न्हाणीघर असेल, तर वरच्या मजल्यावर तुम्ही राहता म्हणून सवलत मिळत नाही. नवागताकडे कॅनडातला क्रेडिटचा इतिहास नाही म्हणून सहा महिन्यांचे भाडे आगाऊ मागण्याची पद्धतही नियमात बसत नाही. मालकाला डिपॉझिट म्हणून फार तर एका महिन्याचे भाडे मागता येते. २०१७ मध्ये शेजारच्या ब्रॅम्प्टनमधल्या एका मालकाने मुसलमान जोडप्याच्या नमाजाच्या वेळा आणि जागेचे पावित्र्य पाळले नाही, म्हणून न्यायाधिकरणाने त्याला १२,००० डॉलर भरपाई द्यायला लावली.

आता थोडे आपल्याकडे पाहू. अमेरिका आणि लंडनमध्ये शिकून आलेले डॉ. आंबेडकर १९१७ साली बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव घेऊन ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. ओळखीच्या दोघांनी अडचणी सांगून घरात घ्यायचे टाळले. बागेत बसून वेळ काढल्यावर रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतले. पदवी, पद, पगार, सगळे होते; नाव आणि जात आड आली.

तेव्हा आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप गटात "फक्त शाकाहारी, भारतीय कुटुंब" अशी बेसमेंटची जाहिरात टाकताना जरा थांबा. 'भारतीय' म्हटले की मूळ देशाचा प्रश्न येतो, 'कुटुंब' म्हटले की वैवाहिक आणि कौटुंबिक स्थितीचा. आहाराचा उल्लेख संहितेच्या यादीत नाही, पण तो धर्म किंवा जात चाळण्याची चाळणी म्हणून वापरला तर मालक अडचणीत येऊ शकतो. जातीवरून होणारा भेदभावही संहितेच्या कक्षेत येतो, हे ओंटारियोच्या आयोगाने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. भाडे वेळेवर येईल का, आधीच्या मालकाचा अनुभव काय, हे जरूर विचारा. तेवढा हक्क तुम्हांला आहे.

आणि तुम्ही अजून घर शोधत असाल, तर जाहिरात, निरोप, तारखा जपून ठेवा. तक्रारीसाठी घटनेपासून एक वर्षाची मुदत असते आणि मानवाधिकार कायदेसहाय्य केंद्राचा सल्ला फुकट मिळतो.