भेगांचे छायाचित्र

वैशाखात जठारपेठ मागे टाकून अकोल्याबाहेरच्या एखाद्या काळ्या वावरात जावे. ओल सरली की ही चिकण माती आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. क्षितिज वगळून, नुसत्या पायाखालच्या जमिनीचे छायाचित्र घ्या. ते वावराचे, की विमानातून दिसणाऱ्या नद्यांचे, हे बघणाऱ्यास सांगता येणार नाही.

‘हे कशाचे?’ हा प्रश्नच विसरावयास लावणारी छायाचित्रे जुनीच आहेत. कोबर्नने १९१७ च्या सुमारास तीन आरशांच्या त्रिकोणातून ती घेतली. स्टीग्लिट्झने १९२२ पासून नुसत्या ढगांची. पण ढग आकाशात होते! १९८० साली लॉरेन कार्पेंटरने संगणकावर गणिताने डोंगर रचले, तेथे ना डोंगर होता ना भिंग. आज भेगाही तशाच रचता येतात आणि, खरे सांगावयाचे तर, हुबेहूब दिसतात.

तेव्हा भेद रूपात शोधण्यात अर्थ नाही. वावरातल्या भेगेत वरची माती ढासळते, मृगाचे पाणी तिच्यातून खोल उतरते, मग माती फुगून ती मिटते. छायाचित्र या घडामोडीचा एक क्षण धरते. हा केवळ रसिकांचा वाद नव्हे. २०२१ साली महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी उभ्या पिकाचे छायाचित्र मोबाइलवरून नोंदवू लागला. संगणकाने रचलेली तूरही पडद्यावर तितकीच हिरवी दिसेल. ती खोटी ठरविण्यासाठी कोणाला तरी धुऱ्यावर जाऊन उभे राहावे लागेल.